स्वीडन तटस्थ होता की कुंपणावर?

रानवारा:
"शीतयुद्धात स्वीडन कुंपणावर बसून मजा बघत होता" असं काल इथे कुणी लिहिलं. राहवलं नाही. फेब्रुवारी 1968 मध्ये मंत्री असलेले ओलोफ पाल्मे (पुढे पंतप्रधान झाले) उत्तर व्हिएतनामच्या राजदूतासोबत स्टॉकहोमच्या अमेरिकी युद्धविरोधी मोर्चात मशाल घेऊन चालले. अमेरिकेने आपला राजदूत माघारी बोलावला. 1969 पासून पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ या पोर्तुगीज वसाहतीत स्वातंत्र्यासाठी पोर्तुगालशी लढणाऱ्या अमिल्कार काब्रालच्या पक्षाला सरकारी तिजोरीतून मदत. पोर्तुगाल नाटोत, तरीही! याला कुंपण म्हणायचं?

कोराकागद:
मदत म्हणजे कापड, औषधं, शाळेची पुस्तकं. बंदुका रशियाने दिल्या. त्याच पोर्तुगालबरोबर स्वीडन 1960 पासून एफ्टा या व्यापारसंघात होता, ते का गाळलंत? नाटोशी आतून संधान होतं, हेही त्यांच्याच चौकशी आयोगाने 1994 मध्ये मांडलं.

मांडवीकाठ:
पुस्तकांना कमी लेखू नका. माझे वडील 15 ऑगस्ट 1955 ला बांद्याहून गोवामुक्तीच्या सत्याग्रहात निघाले. पत्रादेवीला पोर्तुगीजांचा गोळीबार झाला. बरोबरचा माणूस पडला, हे सांगताना त्यांचा आवाज शेवटपर्यंत कापायचा. 1961 ला भारताने गोवा घेतला तेव्हा सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स तिघेही आपल्या विरोधात. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्याशी झुंजणाऱ्यांच्या पोरांना ज्याने पाटी-पुस्तक दिलं, तो देश मला परका वाटत नाही.

जागल्या:
मग बोफोर्सवरही बोला. पाल्मे जगाला निःशस्त्रीकरण सांगत होते आणि त्यांचा देश तोफा विकत होता. मार्च 1986 चा करार, 410 तोफा, वर दलाली. ती बातमीही स्वीडिश रेडिओनेच फोडली.

निवृत्तफौजी:
दलाली खाणाऱ्यांना खुशाल झोडपा, तोफेला नको. 1999 ला मी द्रासला होतो. वरून मारा होत असताना खालून ती तोफ बोलली की जीवात जीव यायचा.

जागल्या:
तोफेला कोण बोललं? पैसे कुणी खाल्ले ते विचारतोय. फौजेचं नाव पुढे करून तोंड बंद करू नका!

निवृत्तफौजी:
नाव पुढे केलेलं नाही. तिथे होतो, म्हणून बोललो. आवाज खाली.

रानवारा:
बोफोर्ससाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो. कोराकागद, पोर्तुगालच्याच ताब्यातल्या मोझांबिकचं काहोरा बासा धरण आठवा. मोर्चे निघाले, ऱ्होडेशियावरच्या (आजच्या झिम्बाब्वेवरच्या) निर्बंधांचा कायदा आड आला आणि 1969 मध्ये स्वीडनची आसेआ कंपनी कंत्राटातून बाहेर पडली. धंदा सोडला त्यांनी.

कोराकागद:
एका कंपनीची माघार, बरं, मान्य. तीही कायद्याच्या धाकाने. एफ्टाचं उत्तर अजून आलेलं नाही.