मदत हवी आहे: वीजकेंद्रावरच्या हल्ल्यात नागरी हानी कुठपर्यंत मोजायची?

मंडळी, युद्धनीतीवरच्या एका टिपणात अडकायला झालंय. वीजकेंद्र लष्करालाही वीज देतं आणि शहरालाही. जिनिव्हा करारांच्या (युद्धाचे नियम) 1977 च्या पहिल्या प्रोटोकॉलचं, म्हणजे पूरक कराराचं, कलम 52 लावलं तर ते लष्करी लक्ष्य ठरू शकतं. इथवर वाद नाही. पुढे कलम 51(5)(ब) येतं: अपेक्षित, ठोस आणि थेट लष्करी फायद्याच्या मानाने नागरी हानी अवाजवी नको.

घोळ ‘हानी’त आहे. केंद्रात मेलेले कामगार मोजणं सोपं. पण वीज गेली की पंप थांबतात, पाण्याचं शुद्धीकरण बंद पडतं, सांडपाणी नदीत जातं आणि काही आठवड्यांनी जुलाबाची साथ येते. 1991 मध्ये इराकमध्ये नेमकं हेच झालं. कलमात फायद्याला ‘थेट’ची अट आहे, हानीला नाही. त्यामुळे आधी कळण्याजोगी अप्रत्यक्ष हानीही धरावी, असं माझं मत. पण साखळी तोडायची कुठे? साथीपर्यंत, की रुग्णालयं कोलमडेपर्यंत?

दुसरं, 1999 मध्ये सर्बियात नाटोने ग्राफाइटचे तंतू टाकून वीज तात्पुरती पाडली होती. असा पर्याय हाताशी असताना जनित्रंच उडवली, तर त्याच प्रोटोकॉलच्या कलम 57 मधल्या खबरदारीचा (नागरी हानी शक्य तितकी टाळायची) भंग म्हणावा का?

मार्च 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने युक्रेनच्या वीजयंत्रणेवरील हल्ल्यांबद्दल दोन रशियन सेनाधिकाऱ्यांवर वॉरंट काढली. तिथली कसोटी नागरी हानी ‘उघडपणे अवाजवी’ हवी अशी, म्हणजे गुन्हा सिद्ध करायला अधिक कडक. नैतिक निवाड्यालाही तीच लावावी का? हल्लेखोराच्या बाजूने मला ती फार सैल वाटते. कारणांसहित उत्तरं द्या, नुसती बाजू नको.