मदत हवी आहे: बाबांची फिजिओथेरपी व्हिडिओवर, घर गोव्यात सत्तरी तालुक्यात, नेट बेभरवशाचं

सत्तरीची_लेक:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. बाबांना मे महिन्यात स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) होते, आता घरी आहेत. समजतं त्यांना सगळं पण शब्द तोंडातून येत नाही आणि मग चिडतात. घर केरीच्या पुढे डोंगराकडे, घरी आई एकटी, मी वास्कोला, नोकरी वेर्ण्याला, सुट्टीला जाते तेवढंच. भाऊ कुवेतला. फिजिओ म्हापशाच्या, अगदी मनापासून करतात, पण बाबांना उचलून गाडीत घालून म्हापशाला न्यायचं म्हणजे गाडीचं भाडं वेगळं आणि परत आल्यावर माणूस असा गळून जातो की दुसऱ्या दिवशीही हात हलवायला तयार नसतो. तेव्हा त्याच म्हणाल्या की महिन्यातून एकदा इकडे आणा, बाकीचं व्हिडिओवर करूया.

आता घोळ असा की मोबाइलची रेंज अंगणात तुळशीपाशी मिळते, आत खोलीत नाही. म्हणून केबलवाल्याकडून फायबर घेतलं, ते बरं चालतं, पण लाइट गेली की ते पण गेलं, आणि पावसात लाइट किती वेळा जाते ते इथल्यांना सांगायला नको. भावाचं म्हणणं यूट्यूबवर प्रायव्हेट लाइव्ह लाव, म्हणजे फिजिओ बघतील, तो बघेल, आत्या बघतील, रेकॉर्डिंग पण आपोआप राहील. तसं लावून बघितलं तर फिजिओ फोनवर "थांबा, गुडघा आत वळतोय" म्हणेपर्यंत बाबा कधीचे बसलेले असतात, म्हणजे त्यांना सगळं मागचंच दिसत असतं. हे सेटिंगने जातं का? की दुसरं ॲप घ्यायचं? फोन कुठे ठेवायचा, रोजच्या सरावाला टीव्हीवर व्हिडिओ कसा दाखवायचा, आणि आईचं फोनमध्ये काही अडलं तर मी वास्कोतून कसं बघू? आईला फोन उचलता येतो आणि व्हॉट्सॅपवर फुलांचे फोटो पुढे ढकलता येतात, बस.

तारवाला_फोंडा:
ताई, हा बिघाड नाही, लाइव्ह स्ट्रीम बांधलेलाच तसा असतो. तुमच्याकडचं चित्र आधी सर्व्हरवर जातं, तिथे त्याचे काही काही सेकंदांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या क्वालिटीत बनवतात आणि बघणाऱ्याचा प्लेअर दोनतीन तुकडे हातात आल्याशिवाय चालूच होत नाही, का तर मधे नेट अडखळलं तरी चित्र थांबू नये. ६ सेकंदांचा तुकडा धरा आणि ३ साठवले म्हणा, १८ सेकंद तिथेच गेले. यूट्यूबला अल्ट्रा लो लेटन्सी म्हणून सेटिंग आहे, त्याने उशीर कमी होतो, जात नाही. हजार माणसं एका वेळी जत्रा बघणार असतील तर ही पद्धत बेस्ट. पण जिथे "थांबा" म्हटल्यावर माणूस थांबला पाहिजे तिथे व्हिडिओ कॉलच लागतो. मीट घ्या, झूम घ्या, व्हॉट्सॅप घ्या, कॉलमध्ये साठवण जवळजवळ नसते म्हणून उशीर सेकंदाच्या आत राहतो, बदल्यात नेट बिघडलं की चित्राचे चौकोन होतात. होऊ देत, आवाज टिकला पाहिजे.

झूमवाले स्वतः सांगतात की दोघांच्या कॉलला चांगल्या चित्रासाठी ६०० केबीपीएस पुरे, ७२०पी पाहिजे तर १.२ एमबीपीएस, जाताना आणि येताना दोन्हीकडे. म्हणजे ६०० धरले तर अर्ध्या तासाला साधारण १३५ एमबी जाणार, तेवढेच येणार. तुमच्या फायबरला हे काहीच नाही. फक्त स्पीड टेस्ट कराल तेव्हा अपलोडचा आकडा बघा, लोक डाउनलोड बघून खूश होतात आणि इथे तर बाबांचं चित्र बाहेर जायचंय. झूम फुकटात ४० मिनिटांनी तोडतो, मीटवर दोघंच असाल तर ती कटकट नाही.

वायफायचं आणखी एक, आपल्याकडे जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती हातभर जाड. राउटर कुठे ठेवलाय? सोप्यावर असेल आणि बाबा आतल्या खोलीत असतील तर ५ गिगाहर्ट्झवालं नाव सोडा, २.४ वालं पकडा, ते भिंतीतून जरा तरी जातं. आणि लाइटसाठी राउटरचा मिनी यूपीएस मिळतो, घ्या तो. पण केबलवाल्याला आधी विचारा की लाइट गेल्यावर त्याच्याकडचं मशीन चालू राहतं का, तिकडेच बंद होत असेल तर तुमच्या यूपीएसचा काय उपयोग. तसं असेल तर एक जुना फोन अंगणाकडच्या खिडकीत हॉटस्पॉट लावून ठेवायचा, एवढाच जुगाड.

हातपाय_मडगाव:
मी फिजिओ आहे, मडगावला. तारवाल्यांनी नेटचं सांगितलं, मी पलीकडच्या बाजूने सांगते, म्हणजे आम्हाला काय दिसत नाही ते.

सगळ्यात जास्त वैताग खिडकीचा. पेशंटच्या मागे खिडकी आली की माणूस काळा ठिपका. उजेड फोनच्या मागून यायला हवा. दुसरं म्हणजे फोन आईने हातात धरायचा नाही, एकतर चित्र हलतं आणि मुख्य म्हणजे आईचे दोन्ही हात बाबांसाठी मोकळे पाहिजेत. फोन आडवा, बाबांच्या कंबरेच्या उंचीवर, आठदहा फूट लांब, पाऊल आणि डोकं दोन्ही दिसायला हवं. ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर तांदळाचा डबा आणि त्याला टेकवून फोन, माझ्या निम्म्या पेशंटांचं तसंच चालतं. खुर्चीतून उठायचा व्यायाम असेल तेव्हा बाजूने दाखवा, समोरून आम्हाला कळत नाही की माणूस पुढे झुकतोय की नुसता खेचून घेतोय. आणि पांढरी लुंगी पांढऱ्या चादरीवर असली की गुडघा कुठे संपतो तेच दिसत नाही हो, गडद हाफ पँट घाला.

डावं-उजवं हा तर रोजचा गोंधळ. मी समोर बसून माझा उजवा हात उचलला की पेशंट समोर दिसतो तोच उचलतो, म्हणजे त्याचा डावा. त्यात फोनवर स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं आणि पलीकडे सरळ जातं. उपाय एकदम सोपा, बाबांच्या उजव्या मनगटाला आणि उजव्या घोट्याला लाल रिबन बांधा आणि तुमच्या फिजिओला सांगा की उजवा-डावा म्हणू नका, "लाल हात", "लाल पाय" म्हणा. बोलणं गेलेल्या माणसाला हे फार सोपं पडतं.

आता जपायचं ते. लाल हात धरून बाबांना कधीच ओढायचं नाही, उठवताना तर मुळीच नाही, स्ट्रोकमध्ये खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि खांदा खाली सरकतो. खुर्ची भिंतीला टेकलेली, हाताची, चाकं नसलेली. आई त्यांच्या उजव्या बाजूला उभी. सुरू करण्याआधी बीपी बघून फिजिओला आकडा सांगायचा. उभं राहण्याचे नवीन व्यायाम पहिल्यांदा व्हिडिओवर नकोत, ते महिन्याच्या भेटीत म्हापशाला करून घ्या, मग घरी. आई एकटी आहे म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

चवथीचा_पाहुणा:
टीव्हीचं मी सांगतो, आमच्या आजीसाठी हा खटाटोप केलाय. फिजिओताईंकडून एका व्यायामाची एकच क्लिप घ्या, दोनतीन मिनिटांची. लांबलचक एकच व्हिडिओ असला की आई मधलं शोधत बसणार आणि बाबा तोवर झोपणार. क्लिपा पेन ड्राइव्हमध्ये टाकून टीव्हीच्या मागे लावा, नावं १, २, ३ अशी द्या म्हणजे ओळीने लागतात. नेट पाहिजेच कशाला. हल्ली बरेच फोन एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये शूट करतात आणि जुन्या टीव्हीला ते कळत नाही, आवाज येतो, चित्र काळं, नाहीतर फाइलच उघडत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६४ किंवा मोस्ट कम्पॅटिबल असं काहीतरी असतं ते निवडून मग शूट करायला सांगा. आणि व्हॉट्सॅपवर घेताना डॉक्युमेंट म्हणून मागवा, २ जीबीपर्यंत चालतं, व्हिडिओ म्हणून पाठवलं तर चिरडून पाठवतं.

सत्तरीची_लेक:
अरे किती पटापट उत्तरं! लाल रिबन तर मी फोन करून आईला सांगितलं पण, तिने केसांची रिबन काढून बांधली. टीव्ही जुनाच आहे त्यामुळे ते एच.२६४ पण विचारते. राउटर सोप्यावरच आहे, तारवाल्यांनी बरोबर ओळखलं. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की काहीच ऐकू येत नाही हो, त्याला काय? आणि भावाचं कसं करू, तो म्हणतो मला रोज बघायचंय, लांब बसून जीव तुटतो त्याचा, ते पण खोटं नाही.

डिचोलीची_मावशी:
बाळा, मी यांचं सगळं केलंय म्हणून बोलते, राग मानू नको. तुझे बाबा चिडतात म्हणालीस, ते शब्द येत नाहीत म्हणून की समोर कॅमेरा आहे म्हणून, ते बघितलंस का? आमचे हे ज्या दिवशी नणंदा कॉलवर असायच्या त्या दिवशी पायच उचलायचे नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं तो बनियनवर बसून लहान मुलासारखा हात वर-खाली करताना सगळ्या गोतावळ्याला दिसणार, कुणाला आवडेल? मी लिंकच बंद केली. नणंदा रुसल्या, मग आल्या घरी फणस घेऊन. भावाला सांग, आठवड्यातून एक क्लिप पाठवू, ती पण बाबांना विचारून.

औषधासाठी सारखं धावू नकोस, ई-संजीवनी म्हणून सरकारचं आहे, फुकट, मोबाइल नंबर टाकून ओटीपी येतो आणि डॉक्टर व्हिडिओवर बघतो, चिठ्ठी पण फोनवर येते. बीपीच्या गोळ्यांचं वगैरे विचारायला बरं. पण परत तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं आणखी जड झालं तर कुणाला व्हिडिओ करत बसायचं नाही, सरळ १०८. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवात झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तुमच्या घरून बांबोळी किती लांब ते तुला माहीत आहे. कधी सुरू झालं ती वेळ आईला लिहून ठेवायला सांग.

दुबईकर_पेडण्याचा:
मावशींना अनुमोदन. इथे दुबईत व्हॉट्सॅपचे कॉल चालतच नाहीत, म्हणून मी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लिपाच बघत होतो. आधी चिडचिड झाली, नंतर लक्षात आलं की लाइव्ह बघताना मी नुसता सूचना देत होतो, आई हो हो करून दमत होती. क्लिप बघून संध्याकाळी फोन केला की नीट गप्पा व्हायच्या. लेकीताई, भावाला फिजिओच्या कॉलमधून बाहेर ठेवा, वाईट वाटेल त्याला, वाटू दे.

हातपाय_मडगाव:
पावसासाठी आईला कानात एकच ब्लूटूथ इअरबड, दुसरा कान बाबांसाठी मोकळा. तुमच्या फिजिओशी हातवारे आधीच ठरवून ठेवा, तळहात दाखवला की थांबा, मुठ म्हणजे धरून ठेवा. आणि बोलण्यासाठी वेगळी स्पीच थेरपिस्ट बघाच, गोमेकॉत पुढच्या भेटीला विचारा. मैसूरची आयश, म्हणजे अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था, व्हिडिओवरून थेरपी देते. स्पीच थेरपी व्हिडिओवर आमच्या कामापेक्षा सोपी जाते, तोंड दिसलं आणि आवाज आला की काम होतं. गणपतीची चवथ येतेच आहे, आरतीला बाबांना मधे बसवा, बोलता न येणारे काही पेशंट चालीवर शब्द म्हणतात. नाही म्हटले तर मागे लागू नका.

तारवाला_फोंडा:
आईच्या फोनचं राहिलं. व्हॉट्सॅप व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन शेअर आहे, आईने ते बटण दाबलं की तुम्हाला तिची स्क्रीन दिसते, तुम्ही तोंडी सांगायचं. एनीडेस्क वगैरेने तुम्ही स्वतः फोन चालवू शकता पण मी वयस्कर माणसांच्या फोनवर ते ठेवायच्या विरुद्ध आहे. फसवणारे लोक बँकेतून बोलतोय म्हणून नेमकं तेच ॲप उघडायला लावतात, आणि घरात आधीच असलं तर त्यांचं अर्धं काम झालं. झालंच काही तर १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. कॉल आपोआप उचलला जावा असं वाटत असेल तर पूर्वी स्काइपमध्ये ती सोय होती, ते मे २०२५ मध्ये बंद झालं. स्क्रीनवाला ॲलेक्सा घेतला तर ड्रॉप इन करता येतं, तुम्ही वास्कोतून बोललात की तिकडे थेट सुरू. पण मावशींनी वर लिहिलंय ते वाचून मी तरी बाबांच्या खोलीत ते ठेवणार नाही.

सत्तरीची_लेक:
देव बरें करूं सगळ्यांचं. शनिवारी घरी जातेय, राउटर आतल्या खोलीत घेते. बाबांना विचारलं फोनवर, भाऊ बघू दे का, तर जोरात "ना" आलं, एकदम स्पष्ट! आई हसायलाच लागली. भावाला ते रेकॉर्डिंगच पाठवलं.
एक शेवटचं, मिनी यूपीएस ऑनलाइन बघतेय तर ५, ९, १२ व्होल्ट काय काय आहे, कुठला घेऊ?

तारवाला_फोंडा:
राउटरच्या ॲडॅप्टरवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं त्याचा फोटो काढून इथे टाका. बहुतेक १२ व्होल्ट असेल पण अंदाजाने घेऊ नका, जास्त व्होल्टचा लावला तर राउटर जळेल. व्होल्ट तेवढाच, अँपिअर तेवढा किंवा जास्त. आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्याचा पण फोटो टाका, मग दोन पिनवाला घ्यावा लागेल.