टाइप वन डायबेटिस असलेल्या मुलीला सुट्टीत एकटीला आजोळी पाठवू का?

अंबडकर_बाबा

नमस्कार मंडळी. वर्षभर इथं नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. लांबेल जरा, सांभाळून घ्या.

मुलगी नऊ वर्षांची. टाइप वन डायबेटिस निघून वर्ष झालं. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मी अंबड एमआयडीसीत टूलरूमला, शिफ्ट ड्यूटी. बायको घरी ब्लाउज शिवते. आजोळ निफाड तालुक्यात: द्राक्षाची बाग, विहीर, दोन म्हशी आणि मामाची दोन पोरं. दरवर्षी परीक्षा संपली की पंधरा दिवस ही तिकडे. गेल्या वर्षी मार्चमध्येच हे सगळं झालं, त्यामुळे गेली नाही. यंदा शेवटचा पेपर देऊन आली, दप्तर फेकलं आणि पहिला प्रश्न, "मामा न्यायला कधी येणार?"

बायको म्हणते, मी सोबत असेन तरच. पण लग्नसराई आहे, तिच्याकडे कापडांचा ढीग पडलाय, दोन दिवसांच्या वर तिला हलता येत नाही. आणि पोरीला आई सोबत नकोच आहे. तिला "आधीसारखं" जायचंय.

बायको एवढी का घाबरते तेही सांगतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत पोरगी वाळायला लागली. बायकोने महिन्याभरात दोनदा शाळेच्या स्कर्टची कंबर आत घेतली. शिवणारीच्या हाताला आधी कळलं, आमच्या डोक्यात मात्र प्रकाश पडला नाही. सारखं पाणी पाणी करायची, रात्री अंथरूण ओलं व्हायचं. आम्ही म्हटलं ऊन वाढलंय. एका डॉक्टरांनी लघवीचं इन्फेक्शन म्हणून आठवडाभर औषध दिलं. बोटाला एकदा टोचून बघितलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. आणि मी काय करत होतो, तर पोरगी थकलेली दिसते म्हणून रोज संध्याकाळी गाडीवर बसवून रसवंतीवर न्यायचो. मोठा ग्लास, बिनबर्फाचा. ती घटाघटा प्यायची आणि मला बरं वाटायचं. आजही त्या चरकाच्या घुंगरांचा आवाज आला की मी गाडी दुसऱ्या गल्लीत घालतो. मग एका सकाळी उलट्या सुरू झाल्या, श्वास असा खोल आणि भराभर की जिना चढून आल्यासारखा. शुगर 512, कीटोअॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिन नसल्यामुळे रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात ते. चार दिवस आयसीयू.

आता बरं चाललंय. दिवसाला चार इंजेक्शनं: जेवणाआधीची तीन आणि रात्रीचं लांब चालणारं. बोट ती स्वतः टोचते, इन्सुलिनच्या पेनवर आकडा लावते, फक्त किती युनिट ते आम्ही सांगतो. शाळेत बाईंनी चांगलं सांभाळलं.

प्रश्न तिकडचा आहे. एप्रिल छाटणी चालू आहे, मामा दिवसभर बागेत. सासूबाईंचा जीव फार आहे नातीवर, पण पेनवरचा आकडा त्यांना दिसत नाही. म्हणतात, पेन फिरवताना होणारी टिकटिक मोजून देईन. मामी हुशार आहे, पण सुईला घाबरते. लाइट रोज चार-पाच तास जाते, ऊन चाळिशीला टेकलेलं. त्यात विहिरीत पोहणं आलं, आमरस आला. आणि रात्र. ज्यांनी पोरांना असं पाठवलंय त्यांनी सांगा, तयारी काय केली? की मी उगीच हट्ट करतोय?

नाशिकरोडची_आई

दादा, हट्ट नाही. माझा मुलगा चौदाचा, पाचव्या वर्षापासून आहे. आम्ही पहिल्यांदा पाठवलं तेव्हा तो आठ वर्षांचा होता, कोपरगावला आत्याकडे. मी रात्रभर फोन उशाशी घेऊन बसले होते, तो तिकडे मस्त झोपला होता.

आधी सासूबाईंना सांगा, टिकटिक मोजून अजिबात द्यायचं नाही. एक टिकटिक चुकली तर एक युनिट चुकलं, आणि वीस-बावीस किलोच्या पोराला एक युनिट म्हणजे थोडं नाही. आकडा खिडकीत दिसला पाहिजे, तोही दोघांना: एकदा मुलीने बघायचा, एकदा मामीने. मामीला सुईची भीती असेल तर दोन दिवस तुमच्याकडे आणून ठेवा. चार मिलिमीटरची सुई असते, एकदा स्वतःच्या पोटाला टोचून घेऊ दे, नवीन सुई आणि पेनाशिवाय. माझ्या नणंदेने असंच केलं. म्हणाली, "एवढंच? मी कान टोचताना जास्त रडले होते."

लाइटचं टेन्शन कमी घ्या. वापरात असलेलं पेन फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे चालतं, पण 30 डिग्रीच्या आत. प्रश्न उन्हाचा आहे. त्यावर जुना उपाय: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात झाकणाचा डबा आणि डब्यात पेन. वरून ओलं फडकं, सावलीत वारा लागेल असं ठेवायचं. पेनला पाणी लागू द्यायचं नाही. न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये, पण दारातल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याजवळ गेलं आणि एकदा गोठलं की फेकून द्यायचं, वितळवून वापरायचं नाही. दुचाकीच्या डिकीत तर चुकूनही नको, मी एकदा ठेवलं होतं.

आमरस द्या. हो, द्या. सुट्टीत आजोळी आमरस नाही म्हणजे पोरीला शिक्षाच. वाटी ठरवून घ्या, तीच वाटी रोज. 100 ग्रॅम आमरसात साधारण 15 ग्रॅम कार्ब (कार्बोहायड्रेट, त्यावरून डोस ठरतो) धरते मी, वरून साखर घातली नसेल तर. सासूबाई साखर घालतात का ते आधी विचारा, सगळ्याच सासूबाया घालतात. सोबत पुरी असेल तर तेलामुळे शुगर उशिरा चढते, दोन तासांनी बघून घाबरू नका आणि लगेच वरून दुसरं इन्सुलिन ठोकू नका. पहिलं अजून काम करत असतं.

विहिरीचं मात्र कडक ठेवा. उतरण्याआधी शुगर बघायची, कमी असेल तर खाऊन मगच. मामा पाण्यात असल्याशिवाय ही पाण्यात नाही. आणि दिवसभर हुंदडली की शुगर तेव्हाच उतरते असं नाही, मध्यरात्रीनंतर उतरते. ज्या दिवशी पोहली त्या दिवशी रात्रीचा डोस तोच ठेवायचा का, हे जाण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि कागदावर लिहून घ्या. रात्री दोन-तीनला एकदा टोचून बघायचंच. दंडाला चिकटवायचा, शुगर सतत बघणारा सेन्सर परवडत असेल तर ते पंधरा दिवस तरी लावा. एक सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो, आणि काहींमध्ये शुगर उतरली की फोन वाजतो.

हितचिंतक_७७

मुलीला एवढ्या लहान वयात इन्सुलिनची सवय लावलीत हेच चुकलं. जांभळाच्या बियांची पावडर आणि कारल्याचा रस रिकाम्या पोटी तीन महिने द्या. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचे डोस निम्म्यावर आले होते. साखर खाऊ घालूनच हा रोग होतो, रसवंतीचं तुम्ही स्वतःच लिहिलंय.

सुई_वाला

हितचिंतक काका, मी तेवीस वर्षांचा आहे, सातव्या वर्षापासून टाइप वन. रागाने लिहितोय, माफ करा, पण तुमची पोस्ट कुठलेतरी नवीन आईबाप वाचतील म्हणून सविस्तर लिहितो.

टाइप वन साखर खाऊन होत नाही. शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. उसाच्या रसाने शुगर वर गेली असेल, रोग त्याने आला नाही. अंबडकर दादा, तुम्ही हे ऐका. पोरीला तहान लागायची कारण बहुतेक पेशी आधीच मेल्या होत्या. तुम्ही तहानलेल्या पोरीला प्यायला दिलंत, एवढंच.

डोस निम्म्यावर आले ते का, तेही सांगतो. इन्सुलिन सुरू झालं की उरलेल्या पेशींना जरा उसंत मिळते, त्या काही महिने परत कामाला लागतात. डॉक्टर याला हनिमून म्हणतात. नेमकं तेव्हाच कुणीतरी जांभळाची पावडर घेऊन येतं आणि श्रेय पावडरला जातं. मग हनिमून संपतो. आमच्या ओपीडीच्या रांगेत एक मुलगा भेटायचा, त्याच्या घरच्यांनी पावडरवर विसंबून इन्सुलिन बंद केलं होतं. चौथ्या दिवशी आयसीयूत होता.

आणि "सवय लागली" म्हणजे काय? 1922 च्या जानेवारीत टोरांटोला लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी डॉक्टरांच्या हातात या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणं एवढाच उपाय होता, आणि तरी ती जायचीच. तो पुढे तेरा वर्षं जगला. मला ही सवय आहे, श्वास घ्यायचीही आहे.

दादा, आता तुमच्या प्रश्नाकडे. पाठवा. माझ्या आईने मला दहावीपर्यंत कुठेच एकट्याला पाठवलं नाही. तिचं चुकलं असं म्हणत नाही. पण मग कॉलेजला पुण्यात आलो आणि पहिल्याच महिन्यात रूमवर शुगर 48 झाली. आठ वर्षांत कधी स्वतःहून कुणाला "मला कमी झालंय" म्हणायची वेळच आली नव्हती. रूममेट समोर बसलेला आणि मला तोंड उघडायची लाज वाटत होती.

म्हणून तिला एक वाक्य पाठ करून घ्या. सगळ्यांसमोर, मोठ्याने: "मला कमी झालंय, ग्लुकोज द्या." मामाच्या पोरांनाही तेच शिकवा. पोरं मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात, कारण ती सारखी सोबत असतात. तिला कमी झालं की काय होतं, चिडते? गप्प बसते? ते पोरांना सांगा. 70 च्या खाली गेलं की ग्लुकोज पावडर पाण्यात, 15 मिनिटांनी परत टोचायचं, तरीही कमी तर परत ग्लुकोज. किती चमचे ते तिच्या वजनावर, डॉक्टरांकडून लिहून आणा. पेढा नको, चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे वेळ लागतो. आणि शुद्ध हरपली तर तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि सरळ दवाखाना. शुगर झटकन वर आणणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन मिळत असेल तर ते मामीला आत्ताच शिकवून ठेवा.

उलट्या झाल्या, जेवली नाही, तरी रात्रीचं लांबचं इन्सुलिन बंद करायचं नाही. सगळे तिथेच चुकतात. "खाल्लं नाही मग इंजेक्शन कशाला" असं आजीला वाटणारच. लघवीतले कीटोन बघायच्या पट्ट्या सोबत द्या.

अंबडकर_बाबा

सगळ्यांचे आभार. रसवंतीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. बायकोलाही वाचायला दिलं. तिने मशीन थांबवून सगळं दोनदा वाचलं आणि म्हणाली, "मामीला बोलाव."

चार दिवसांचं ठरतंय. पंधरा नाही.

नाशिकरोडची_आई

चार पुष्कळ. आल्यावर लिहा.

अंबडकर_बाबा

आली परत. उशिरा लिहितोय, फर्स्ट शिफ्ट होती.

मामी दोन दिवस आमच्याकडे राहून गेली. पहिल्या दिवशी संत्र्याला टोचलं, दुसऱ्या दिवशी स्वतःला. तिसरं इंजेक्शन तिने पोरीला दिलं, आणि पोरगी म्हणाली, "मम्मीपेक्षा कमी दुखलं." बायकोने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पहिले दोन दिवस ठीक गेले. मडक्यात मडकं मामाने स्वतः बसवलं, चिक्कूच्या झाडाखाली. तिसऱ्या दिवशी तास-दीड तास विहिरीत होते सगळे. त्या रात्री मी नाइटला होतो. तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला, मशीन बंद करून बाहेर पळालो. मामी बोलत होती, आवाज शांत: "भाऊजी, 61 आहे. ग्लुकोज दिलंय. फोन ठेवू नका." मागून मामाच्या मोठ्या पोराचा आवाज येत होता, अकरा वर्षांचा आहे, तो ग्लास धरून तिला म्हणत होता, "पी गं, पी, मग झोप." पंधरा मिनिटं मी गेटजवळच्या पिंपळाखाली उभा. परत टोचलं, 94. मग मामीने अर्धी चपाती आणि दूध दिलं. मी बायकोला फोन लावला, तर तिने पहिल्याच रिंगला उचलला. झोपलीच नव्हती, ब्लाउजला हूक लावत बसली होती. तिला सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "उद्या आणायला जाऊ नकोस. चार दिवस म्हणजे चार दिवस."

चार दिवस पुरे झाल्यावर आणायला गेलो तर सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून हातात दिलं, दवाखान्यात दाखवायला म्हणून. त्यावर दुधाचा हिशोब असतो. रोजच्या चौकोनात वर लिटर, खाली नातीची शुगर: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. मोठमोठे आकडे, खाली-वर गेलेले, चष्मा लावूनही त्यांना नीट दिसत नाही. दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात संध्याकाळी 268 होतं, आणि त्याच्याशेजारी, जागा नव्हती म्हणून दुधाच्या आकड्यावरूनच, लिहिलं होतं: "आमरस. साखर मी घातली. पोरीचा दोष नाही."