पॉवर प्रेसला लाइट कर्टन बसवायचाय, टाइप २ घेऊ का टाइप ४?

शीटमेटलवाला:
नमस्कार मंडळी. भोसरीला आमचं छोटं प्रेस शॉप आहे, सहा पॉवर प्रेस, ३० टनापासून १०० टनापर्यंत, सगळ्या सेकंड हँड घेतलेल्या. गेल्या महिन्यात एका पोराच्या तर्जनीचं पेर गेलं. पीस डायला, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्याला, चिकटला म्हणून काढायला हात घातला आणि पाय पेडलवरच होता, बास. पोरगं आता बरं आहे, पण मला झोप नाही आणि बाकीची पोरंही त्या मशीनवर बसायला कां कूं करतायत. वर कस्टमरचं ऑडिट तोंडावर. सहाही मशीनला लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, लावून टाकावेत म्हणतोय. सप्लायरच्या कोटेशनमध्ये टाइप २ आणि टाइप ४ असे दोन भाव आहेत, फरक बराच आहे. टाइप २ वर भागेल का? कुणी वापरत असेल तर सांगा.

वाळूजकर:
टाइप ४ च घ्या, प्रेसला टाइप २ चा विचारही नको. टाइप २ मध्ये आत काही बिघडलं तर पुढची टेस्ट होईपर्यंत पत्ता लागत नाही, टाइप ४ सतत स्वतःला तपासत असतो. आणि रिझोल्यूशन १४ मिमी, म्हणजे बोटसुद्धा पकडतो. ३० मिमीवाल्यात हात सापडतो, बोट मधून जातं.

जुना_फिटर:
थांबा जरा, ते कोटेशन बाजूला ठेवा. दादा, तुमच्या प्रेसचा क्लच कुठला आहे, की क्लच (चावीचा) का न्यूमॅटिक (हवेच्या दाबावरचा)?

विचारतोय कारण की क्लचमध्ये पेडल दाबलं की चावी फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि मग क्रँक अख्खा फेरा मारल्याशिवाय सुटत नाही, मधे थांबवायची सोयच नाही त्यात. पडदा हात बघेल, लाल दिवा लावेल, आणि रॅम, म्हणजे प्रेसचा वरून आदळणारा भाग, खाली येईलच. अमेरिकेत ओशाच्या, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा खात्याच्या, नियमात अशा पूर्ण फेऱ्याच्या क्लचवर हा सेन्सर गार्ड म्हणून चालतच नाही. आपल्याकडे मात्र मी स्वतः अशा मशीनवर नवाकोरा पडदा बघितलाय, ऑडिटवाल्याने फोटो काढून नेला, सगळे खूश.

शीटमेटलवाला:
आत्ता शॉपवर जाऊन बघून आलो. चार की क्लच, दोन न्यूमॅटिक. ज्या मशीनवर बोट गेलं ती की क्लचच. सप्लायरने हे एका शब्दाने विचारलं नव्हतं हो.

सेफ्टीताई:
मग मधे थांबवता येणाऱ्या त्या दोन न्यूमॅटिक मशीनपुरताच पडद्याचा प्रश्न उरला. त्यातही पडदा कुठे लावायचा हे नजरेने ठरवू नका, मशीन थांबायला किती वेळ लागतो ते मीटर लावून मोजून घ्या. समजा ब्रेक लागून रॅम थांबायला ३०० मिलिसेकंद आणि पडद्याचे स्वतःचे २०, म्हणजे ०.३२ सेकंद. पडदा डायपासून किती लांब हवा ते ठरवणाऱ्या आयएसओ १३८५५ या मानकात हाताचा वेग सेकंदाला २००० मिमी धरतात, अंतर ५०० च्या वर जात असेल तर १६०० धरून परत काढतात. इथे २००० ने ६४० येतं, म्हणून १६०० धरायचं, ५१२ मिमी. हे १४ मिमीच्या पडद्याचं झालं, ३० मिमीचा घेतला तर वर १२८ वाढतात, म्हणजे ६४०.

आता डायपासून अर्धा मीटर लांब बसून हाताने पीस कोण घालणार? पोरं दोन दिवसांत कंटाळतात आणि मग सेटर पडदा पुढे सरकवतो नाहीतर बायपासची चावी फिरवून पडदा बंदच ठेवतो. आमच्याकडे झालंय हे. शेवटी ब्रेकचं लायनिंग बदललं, एकूण वेळ पडद्यासकट ०.२ सेकंदावर आला आणि अंतर ४०० मिमी. लायनिंग झिजलं की हा हिशोब परत बिघडतो, म्हणून दर काही महिन्यांनी मोजतो.

नवीन_इंजिनियर:
एआय कॅमेरे आलेत ना आता, हात डायजवळ गेला की ओळखून मशीन बंद करतात? आणि अमेरिकेत ती करवत आहे बोट लागताच थांबणारी, तसं प्रेसला नाही का करता येत?

जुना_फिटर:
बाळा, कॅमेरा कोण ग्लोव्हज घालत नाही ते बघायला ठेव. रॅम थांबवायला नको, मान्यता असलेला सेफ्टी कॅमेरा वेगळा आणि चारचौघांसारखा कॅमेरा आणि वर सॉफ्टवेअर हे वेगळं. करवतीचं म्हणशील तर त्या सॉस्टॉपमध्ये पात्यावर बारीक विद्युत सिग्नल असतो, अंग लागलं की तो बदलतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो, पाच मिलिसेकंदांच्या आत पातं बंद. लाकूड कोरडं असतं म्हणून जमतं. आपल्याकडे पत्रा आणि डाय दोन्ही लोखंड, त्याला बोट कुठलं आणि पत्रा कुठला? आणि पाच मिलिसेकंदांत थांबवायला प्रेसचं फ्लायव्हील म्हणजे काय करवतीचं पातं आहे?

पडद्याची कल्पना काही नवी नाही. जर्मनीत एरविन सिकने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अपघात टाळायला हा प्रकाशाचा पडदा आणला. मी एवढ्या वर्षांत पडदा बिघडून झालेला अपघात पाहिला नाही, ब्रेक सरकल्याने झालेले दोन पाहिलेत.

वाळूजकर:
मी क्लच विचारायला पाहिजे होता, चुकलंच. एक भर घालतो, पडद्याची दोन्ही आउटपुट सेफ्टी रिलेलाच (सुरक्षेसाठीच बनवलेल्या स्विचला) द्या, मशीन चालवणाऱ्या साध्या पीएलसी कंट्रोलरच्या इनपुटला नको. रिसेटचं बटण अशा जागी की तिथून डाय पूर्ण दिसते. बाजूला चकचकीत पत्रा असेल तर किरण त्यावरून वळून रिसीव्हरला पोचतो आणि हात आत असून पडद्याला सगळं मोकळं दिसतं. शिफ्टच्या सुरुवातीला सोबत आलेली टेस्टची कांडी वरून खालपर्यंत सावकाश फिरवा, दिवा मधे एकदाही हिरवा होता कामा नये.

शीटमेटलवाला:
बरं, आणि त्या चार मशीनचं काय करू? विकू?

सेफ्टीताई:
विकू नका, ज्याला विकाल त्याचं बोट जाईल. डायच्या चारी बाजूंनी फिक्स गार्ड, पट्टी आत जायला फक्त फट, ती ६ मिमीच्या आत. तुमचा पत्रा दीड-दोन मिमीचा असेल तर आरामात जातो. सुटे पीस हाताने घालावे लागत असतील तर पीस बाहेरच ठेवून सरकवायची स्लाइड करा, आणि चिमटा दोरीने मशीनला बांधूनच ठेवा, नाहीतर जेवणाच्या सुट्टीनंतर सापडत नाही. क्लचची स्प्रिंगही बघा, ती तुटली की रॅम आपोआप दुसरा स्ट्रोक मारतो.

जुना_फिटर:
आणि पेडलला आजच्या आज वरून पत्र्याची टोपी. पाय चुकून पडतो तिथेच निम्मा घात होतो.

शीटमेटलवाला:
टोप्या झाल्या, सहाच्या सहा, भंगारातल्या पत्र्यातूनच वाकवल्या. पडद्याची ऑर्डर दोनावर आणली, सप्लायर रुसलाय. ताई, तुमच्या ब्रेक लायनिंगवाल्याचा नंबर मेसेज कराल का?