पापडाचा हिशोब व्हिडिओला कसा लावायचा?

सातपूरकर
मंडळी, गेल्या महिन्यात उद्योजकतेचं ट्रेनिंग केलं. फळ्यावर सगळं पापडाचंच: कच्चा माल, मजुरी, वीज, घट, मग नफा. मी येवल्याच्या पैठणीवाल्यांचे रील्स करतो. माझा कच्चा माल कोणता, हार्ड डिस्क? परवा एकाला आठ हजार सांगितले तर म्हणाला, "पंचेचाळीस सेकंदांचे?" तोंडच उघडलं नाही. पाचात केलं. वर सात वेळा बदल. शेवटचा बदल: पदरावरचा मोर हिरवा दाखवा. अहो, साडीतच तो निळा आहे!

देवळालीची_ताई
कच्चा माल म्हणजे तुझे दिवस रे. माझं सांगते. कॅमेरा-लेन्सचे २,४०,००० गेले, चार वर्षं धरली, म्हणजे महिन्याला ५,०००. पैसे देणारं शूट महिन्यात दहा दिवस. म्हणजे घराबाहेर पडले की ५०० रुपये कॅमेराच खातो, चहा वेगळा. आणि ते सात बदल म्हणजे तुझी घट! पापडवाली तुटलेला पापड भावात धरते, आपण धरत नाही. कोटेशनवर लिही: दोन बदल भावात, तिसऱ्यापासून पैसे. सेकंदावर भाव कधीच सांगू नकोस.

अंबड_लिंक_रोड
ताईंना अनुमोदन. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, केली नसेल तर आधी कर, फुकट असते, एजंटला पैसे देऊ नकोस. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे यायला हवेत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक दराच्या तिप्पट व्याज. व्याज कोणी देत नाही हो, पण बिलाखाली ती ओळ छापल्यापासून माझे फोन उचलले जातात.
अजून एक. पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओचा कॉपीराइट, वेगळं ठरलं नसेल तर, गिऱ्हाइकाचा असतो. स्वतःच्या पेजवर टाकायचा असेल तर तेही लिहून घे.

सातपूरकर
रात्री वही घेऊन बसलो. शूट एक दिवस, एडिट दीड, बदलांत दोन. पाच हजार भागिले साडेचार, रोजचे अकराशे. त्यातून येवल्याचं जाण्या-येण्याचं पेट्रोल. आठसुद्धा कमीच सांगितले होते की!
ताई, तुमच्या कोटेशनचा नमुना टाकाल का? त्याचा आत्ताच मेसेज आलाय, मोर अजून थोडा हिरवा हवा.