ग्लिसरीनची कॉइल: धूर थंड होतो, पण गाळला जात नाही

हुक्क्याच्या भांड्यात बर्फ टाकण्यापेक्षा ग्लिसरीनची कॉइल (फ्रीजरमध्ये गार केलेल्या ग्लिसरीनमधून धूर नेणारी काचेची वेटोळी नळी) बरी का, यावर बहुतेक जण 'हो' म्हणतात. घशापुरतं मान्य. बर्फ टाकला की पाण्याची पातळी वाढते, धूर पाण्यात नेणारी आतली दांडी जास्त बुडते आणि ओढायला जोर लागतो; कॉइलमध्ये ती भानगड नाही. ग्लिसरीन अशासाठी, की पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि बंद काच तडकते. (तेव्हा घरी साधं पाणी भरायचे प्रयोग नकोत.) मात्र थंड काचेच्या आत ओल आणि डांबर साचतं, आणि त्या वेटोळ्यांत ब्रश पोचत नाही. कोमट पाण्याने धुवा, पण काच खोलीच्या तापमानाला आल्यावरच.

'थंड धूर म्हणजे गाळलेला धूर' हे मात्र साफ चूक. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू आहे. तो पाण्यातूनही जातो आणि कॉइलमधूनही. उलट घसा खवखवत नाही म्हणून झुरका लांबतो, खोल जातो. डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं तर ती तंबाखूची 'किक' समजून बसू नका. तडक मोकळ्या हवेत या.