केसांचा ब्रोच घेतलाय आणि घरात वाद पेटलाय. सल्ला हवा

अनघड:
नमस्कार मंडळी. मी लीड्सला असते. गेल्या रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात ६५ पौंडांना एक ब्रोच घेतला. चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा, लांबट गोल, वर फुगीर काच आणि काचेखाली केस. हो, माणसाचे. एक बट भुरी, दुसरी इतकी फिकी की पांढरीच वाटते. सुपाची वीण असते तसे उभे-आडवे घातलेत. भोवती पांढऱ्या मिन्याची कड. मागची टाचणी कडेच्या बाहेर येते, दोनदा बोटाला टोचली. मागे बारीक अक्षरात ओ. बी., मग ९ मार्च १८२६, मग ए आणि ई चिकटवलेलं एक अक्षर आणि ६.

विकणारा म्हणाला, व्हिक्टोरियन आहे, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, आणि दुखवट्याचा आहे. पण दुखवट्याचा असता तर काळा नको का? मला वाटतं, कुणा ओ. बी. नावाच्या माणसाने बायकोला दिला असेल.

आई तीन महिन्यांसाठी आलीय. तिचं म्हणणं, परक्या मेलेल्या माणसाचे केस घरात कशाला? सध्या ब्रोच बाहेर बुटांच्या कपाटावर आहे. काच आतून धुरकट झालीय, साबणाच्या पाण्यात बुडवू का? त्याच माणसाकडून काळ्या मण्यांची माळही घेतली, ‘व्हिटबी जेट’ म्हणून. तीही खरी की खोटी कसं कळेल? आणि आईला घेऊन जवळपास असं काही बघता येईल का, म्हणजे ती जरा निवळेल?

सोनारआळी:
पाण्यात बुडवू नका!! आधी हे वाचा, मग बाकीचं.

आमचं दुकान कोल्हापूरच्या गुजरीत, मी गेली बरीच वर्षं बर्मिंगहॅमला. असे ब्रोच हातून पुष्कळ गेलेत. ओ. बी. हे नाव नाही हो. लॅटिन ‘ओबिइट’चं लघुरूप आहे, म्हणजे ‘निधन’. जोडाक्षर म्हणजे ‘एटाटिस’, वय. तुमच्या ब्रोचवर लिहिलंय: निधन ९ मार्च १८२६, वय ६.

पांढरा मिना त्यासाठीच. त्या काळात मूल गेलं किंवा लग्न न झालेलं माणूस गेलं तर काळ्याऐवजी पांढरा मिना घालत. सगळ्यांनी पाळलेला कायदा नव्हे, पण रीत होती. आणि विक्रेत्याला सांगा, १८२६ ला गादीवर चौथा जॉर्ज होता. व्हिक्टोरिया तेव्हा स्वतःच सहा वर्षांची होती.

बाहेर येणारी टाचणी आणि साधा आकडा (खटका नसलेला) हे जुन्या कामाचं लक्षण आहे. टाचणी बदलू नका, टोकाला मेणाचा ठिपका लावा. ६५ ला लुबाडलं वगैरे काही नाही.

अनघड:
सहा वर्षं. मी सकाळपासून त्याला ‘ओ. बी. काका’ म्हणत होते.

निवांत_नाना:
एक शंका. सहा वर्षांच्या पोराचे केस पांढरे कसे? की म्हाताऱ्याचे केस घालून वर मुलाची तारीख टाकलीय? आजकाल रिकाम्या जुन्या ब्रोचमध्ये कुणाचेही केस भरून विकतात म्हणे.

सोनारआळी:
नाना, शंका रास्त आहे, पण इकडच्या शाळेबाहेर एकदा उभं राहून बघा. कितीतरी पोरांचे केस कणसाच्या शेंड्यासारखे फिके असतात आणि मोठेपणी भुरे होतात. फिकी बट मुलाची असणार. भुरी बहुधा आईची, पण तो माझा तर्क.

केस बदलल्याची भीती मात्र आजची नाही. सोनाराकडे दिलेली बट बाजूला ठेवून तो दुसरेच, कामाला सोपे केस वापरतो, असा संशय तेव्हाही होता. म्हणून बायका घरीच विणायला शिकल्या. अमेरिकेत १८६७ साली मार्क कॅम्पबेलने त्याचं शिकवणी पुस्तकच काढलं. केस सोड्याच्या पाण्यात उकळायचे, लांबीप्रमाणे लावायचे, मोजून बटा करायच्या, प्रत्येक बटेच्या टोकाला शिशाचं वजन. मधोमध भोक असलेल्या गोल टेबलावर साच्याभोवती त्या गुंफत जायचं. पटवेकऱ्याचा हात बघितलेल्याला लगेच ओळख पटेल. स्वीडनमधल्या वॉमहूस गावच्या बायका तर हे काम करत देशोदेशी फिरायच्या.

आणि केसांचा प्रत्येक दागिना दुखवट्याचा नसतो. मैत्रिणी एकमेकींना देत, ठरलेलं लग्न असलं की देत. मागे तारीख, वय किंवा ‘स्मरणार्थ’ नसेल तर दुखवटा धरून चालू नये. विक्रेते सगळ्यालाच दुखवटा म्हणतात, कारण तसा तो जास्त खपतो.

धागादोरा:
जुन्या कापडांच्या जतनाचं काम करते, म्हणून थोडं. हे केस मागच्या पत्र्यावर डिंकाने बसवलेले असतात. फटीतून ओलावा गेला की डिंक सुटतो आणि वीण सरकते, मग कुणाच्या बापाला ती पुन्हा बसत नाही. वरून फक्त कोरडा मऊ ब्रश. आतली धूसर काच तशीच राहू द्या, उघडायला जाऊ नका. सोनाराकडचं ध्वनिलहरींचं साफ करायचं यंत्र तर अजिबात नको. केस म्हणजे लोकरीसारखंच, कसर लागते. ऊनही नको, रंग उडतो.

ठेचा_भाकर:
आईंची बाजू घेतो, कुणीतरी घ्यायला हवी. आपल्याकडे जेवणात केस निघाला तर ताट बाजूला सारतात, आणि इथे गळ्यात घालायचे म्हणे!

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तिकडे व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट १८६१ साली गेला आणि तिने त्याचे केस लॉकेटात घालून मिरवले, शेवटपर्यंत काळे कपडे घातले. त्याच वर्षांत आपल्याकडे नवरा गेला की बाईचेच केस काढत होते. मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं ते १८९० साली. माझ्या पणजीच्या आईचा एक फोटो आहे, लाल आलवणातला. बाकी काही नाही, ब्रोच बघून आठवलं.

निवांत_नाना:
ठेचा, पहिल्यांदाच तुमच्याशी वाद घालावासा वाटत नाहीये.

डोंगरवाट:
फिरण्याचं माझ्याकडून. लीड्सहून व्हिटबीला थेट बस जाते, वेळ लागतो पण माळरान सुंदर आहे. तिथे पॅनेट पार्कमधल्या व्हिटबी संग्रहालयात जेटचे दागिने आहेत. जेट म्हणजे दगड नव्हे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं लाकूड. १८७० च्या आसपास त्या एका गावात हजाराहून जास्त माणसं हे काम करत होती.

माळ ओळखायला सोपी: खरं जेट हलकं आणि हाताला उबदार लागतं. ‘फ्रेंच जेट’ म्हणजे निव्वळ काळी काच, गार आणि जड. दाताला हलकेच लावा, काच टणकन वाजते. चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी चकाकी नसलेली कड असते, तिच्यावर मणी घासा. जेट तपकिरी रेघ सोडतं. गरम सुई टोचायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

दुसरा दिवस हॉवर्थला. इंग्रजी कादंबऱ्या लिहिणाऱ्या ब्राँटे बहिणींचं घर आता संग्रहालय आहे. एमिली डिसेंबर १८४८ मध्ये गेली, ॲन पुढच्या मे महिन्यात. त्या दोघींच्या केसांची वीण आणि मधे जांभळा ॲमेथिस्ट असं त्यांची बहीण शार्लट हिचं ब्रेसलेट तिथल्या संग्रहात आहे. निघण्यापूर्वी ते मांडलेलं आहे का विचारून घ्या. अमेरिकेत मिसूरीतलं केसांच्या वस्तूंचं मोठं संग्रहालय मात्र आता बंद झालंय, त्यामुळे कुणी त्याची लिंक दिली तर हळहळू नका.

अनघड (दहा दिवसांनी):
सगळ्यांचे आभार. माळ काच निघाली. दाताला लावली आणि अगदी टणकन. आई म्हणाली, “एवढी काळी पोत तर मी तुला पुण्यातून आणली असती.”

व्हिटबीला पाऊस होता, तरी गेलो. ‘वय ६’ चा अर्थ मी तिला त्या बसमध्ये सांगितला. ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग विचारलं, “मुलगा की मुलगी?” म्हटलं, लिहिलेलं नाही. “नाव पण नाही?” नाही.

काल संध्याकाळी बघते तर बुटांच्या कपाटावर ब्रोच नाही. तिने तो माझ्या कपाटात, साड्यांच्या कप्प्यात ठेवलाय, आपल्या मऊ रुमालात गुंडाळून. सोबत दोन डांबर गोळ्या. धागादोरा, गोळ्या चालतील का?

धागादोरा:
रुमाल चालेल, स्वच्छ धुतलेला सुती असेल तर. गोळ्या काढा, आजच. काकूंना सांगा की महिन्यातून एकदा उघडून बघितलं की कसर लागत नाही.

अनघड:
रोज बघतेय ती.